कंपनी किती जबाबदार आहे, हे कसं तपासायचं

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपचे हिशेब मी अकरा वर्षं लिहिले. आम्ही आठ माणसं, आणि निम्म्याहून जास्त जॉबवर्क एकाच मोठ्या कंपनीचं. एका वर्षी तिच्याकडे आमचं बिल ११२ दिवस अडकलं. दिवाळी तोंडावर आलेली, बोनसला पैसे नाहीत. शेवटी मालकीणबाईंनी पाटल्या गहाण ठेवल्या. त्याच आठवड्यात त्या कंपनीच्या वृक्षारोपणाचा फोटो पेपरात आला. झाडं लावली ते चांगलंच केलं. पण तेव्हापासून कुठलीही कंपनी तपासताना मी आधी देणग्या बघत नाही, देणी बघते.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कंपनीच्या वेबसाइटवरून वार्षिक अहवाल उतरवून घ्या. ताळेबंदाच्या टिपांमध्ये 'ट्रेड पेएबल्स', म्हणजे पुरवठादारांची देणी, शोधा. तिथे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची थकबाकी वेगळी दाखवलेली असते आणि ती किती जुनी आहे हेही कळतं. कायद्याने या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. वर्षाहून जुनी रक्कम दिसली, तर ती लाल पेनने लिहून ठेवा.

मग बीआरएसआर, म्हणजे कामगार, पर्यावरण आणि समाज यांच्याबाबत कंपनी कशी वागते याचा वार्षिक अहवाल. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना हा अहवाल सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२२-२३ पासून सक्तीचा केला आहे. पानं शेकड्याने असतात, सगळी वाचू नका. सुरुवातीलाच कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती, हा तक्ता आहे. चाकणला एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभी असलेली दोन मुलं, एक कंपनीचा आणि एक लेबर काँट्रॅक्टरचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्याचं मोल सांगावं लागत नाही. पुढे अपघातांचा दर असतो, दर दहा लाख मनुष्य-तासांमागे. तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा. हजारो माणसं प्रेस मशीनवर राबतात आणि तिन्ही वर्षं शून्य, असं दिसलं तर मला दिलासा वाटत नाही. मी विचारते, नोंद कोण ठेवतं?

पाण्याचं बघताना उलाढालीमागे किती लिटर, एवढ्यावर थांबू नका. मालाचे भाव वाढले तरी तो आकडा आपोआप सुधारतो. एकूण किलोलिटर आणि सांडपाणी प्रक्रिया करून कुठे सोडलं, हे दोन्ही लिहा. आळंदीला इंद्रायणीवर फेस बघितलेल्या माणसाने तर हे पान सोडूच नये.

सीएसआर, म्हणजे समाजकार्यावरचा कायद्याने ठरलेला खर्च, शेवटी. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. नफा ९०, १०० आणि ११० कोटी असेल, तर सरासरी १०० आणि देणं २ कोटी. प्रशासकीय खर्च एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत हवा. मंजूर प्रकल्पांची यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते. त्यात पुणे जिल्हा दिसला की मी एसटी पकडते.

खेड तालुक्यातल्या एका शाळेत असंच हात धुण्याचं केंद्र बघायला गेले होते. सहा नळ, निळ्या टाइल्स, वर पाटी. मुख्याध्यापक म्हणाले, "उत्तम चाललंय." खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्यांनी काही न बोलता नळ फिरवून दाखवला. आत कोळ्याचं जाळं. टाकी बांधली होती, पण तिच्यात पाणी चढवणारी मोटर कुणाच्याच खर्चात धरलेली नव्हती. म्हणून सांगते, जो ती वस्तू रोज वापरतो त्यालाच विचारा.

कंपनीच्या गेटवरही तेच. शिफ्ट सुटताना टपरीवर चहा घ्या आणि काँट्रॅक्टच्या मुलांना तीनच गोष्टी विचारा: पगार कितव्या तारखेला होतो, पीएफ जमा झाल्याचा मेसेज येतो का, आणि हाताला लागलं तर कुठे नेतात. निदान पाच जणांना तरी विचारा, नावं लिहू नका. उत्तरं वहीत अहवालाच्या आकड्यांसमोर उतरवा आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथला पान क्रमांक टाकून कंपनीला पत्र लिहा.