कोयता उचलण्याआधी

दसरा झाला की आपल्या बीडकडच्या गावांत ट्रक लागतात, आणि मग कुणालाच कशाची सवड राहत नाही. म्हणून यंदा पहिल्यांदाच जोडीनं ऊसतोडीला निघणाऱ्या पोरापोरींनो, तयारी उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घ्यायच्या आधीच सुरू करा.

सगळ्यात आधी एक शंभर पानी वही घ्या. माझ्या बापाची उचल तीन हंगाम फिटली नाही, कारण आकडा फक्त मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत होता. उचल किती, टनाला दर काय, एका खाड्याला, म्हणजे कामाला न गेलेल्या दिवसाला, किती कापणार, हे तारीख घालून लिहा आणि खाली मुकादमाची सही घ्या. कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठा द्यायचा नाही, कितीही घाई केली तरी. फडावर, म्हणजे उसाच्या शेतात, गेल्यावर गाडीचा नंबर आणि वजनपावतीवरचे टन रोज लिहायचे, पावतीचा फोटो घरी पाठवायचा. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पण हिशेब बाईलाही तोंडपाठ हवा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उचल फिटली नाही म्हणून कुणाला डांबून ठेवणं 1976 च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे. तसं झालं तर तहसीलदाराकडे जा. वकिलाची फुकट मदत 15100 वर मिळते.

कोयता पुरा करायचा म्हणून सतरा वर्षांच्या पोरीचं लग्न उरकू नका, तिला शिकू द्या. असं कुठं चाललेलं दिसलं तर लेकरांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकाला फोन करा. लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता आली तर उत्तम. सोबत न्यायचीच असतील तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येतं.

आधार आणि रेशनकार्ड बरोबर घ्या. म्हातारी गावी राहत असली तरी तिच्या वाट्याचं धान्य इथं आणि तुमचं कारखान्याजवळच्या दुकानात उचलता येतं.

बायांनो, तुमच्यासाठी थोडं जास्त. बाळंतपण जवळ असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड, लोहाच्या गोळ्या आणि लेकराच्या लसींच्या तारखा विसरू नका. पोटात दुखलं की खाडा पडेल म्हणून अंगावर काढू नका. आपल्या जिल्ह्यातल्या तोडणी करणाऱ्या किती बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्या, ते 2019 साली सगळ्या राज्याला कळलं. पिशवी काढायला कुणी सांगितलं तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

बाकी कोपीसाठी, म्हणजे तिथं राहायच्या झोपडीसाठी, ताडपत्री, पाण्याचे कॅन, पहाटेच्या अंधारात तोडायला चांगली बॅटरी, पायात बंद बूट. उसात साप असतो, म्हणून पोहोचलात की पहिल्याच दिवशी जवळचा सरकारी दवाखाना बघून ठेवा आणि त्याचं गाव, कारखान्याचं नाव, कारखान्याच्या गट ऑफिसचा फोन त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तेच पान फाडून नाही, उतरवून घरी ठेवा.