अमेरिकेत भाड्याची इमारत घ्यायची, तर आधी शहर कसे निवडावे

२०२२ साली माझ्या ओळखीतल्या दोन मराठी कुटुंबांनी साठवलेले पैसे टेक्सासमधल्या एका अपार्टमेंट प्रकल्पात भागीदारीने घातले. इमारत चांगली होती, शहरात माणसे येत होती. पण कर्ज बदलत्या व्याजाचे होते आणि रस्त्यापलीकडे नव्या इमारती चढत होत्या. दोन वर्षांत मुद्दलही अडकले. तेव्हापासून मला कुणी विचारले, की मी सांगतो: इमारतीचे फोटो बाजूला ठेवा, आधी शहर तपासा.

मल्टिफॅमिली म्हणजे एका मालकाची, अनेक भाडेकरूंची इमारत. चार घरांपर्यंत साधे गृहकर्ज मिळते. पाच किंवा जास्त घरे असली की कर्ज व्यावसायिक ठरते, आणि बँक तुमच्या पगारापेक्षा इमारतीच्या उत्पन्नाकडे जास्त बघते. ते उत्पन्न शहरावर अवलंबून.

१. रोजगार कोण देतो ते पाहा

ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स हे अमेरिकेचे सरकारी रोजगार-आकडेवारी खाते दर महिन्याला महानगरनिहाय, क्षेत्रनिहाय नोकऱ्यांचे आकडे देते. एकूण वाढीपेक्षा त्या किती क्षेत्रांत विभागल्या आहेत हे महत्त्वाचे. लास व्हेगास पर्यटनावर चालते; एप्रिल २०२० मध्ये तिथली बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर गेली. मोटारींच्या डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये साडेसहा लाखही उरली नाही. याउलट ओहायोचे कोलंबस बघा: राज्याची राजधानी, मोठे विद्यापीठ, विमा, बँका, रुग्णालये. एक खांब हलला तरी छप्पर टिकते.

घोषणांवर मात्र पैसे लावू नका. याच कोलंबसजवळ इंटेलने २०२२ मध्ये चिपच्या कारखान्याची घोषणा केली आणि मग मुदत वर्षानुवर्षे पुढे गेली. हातात पगार पडलेला माणूसच भाडे भरतो.

२. किती घरे बांधली जात आहेत ते मोजा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. सेन्सस ब्युरो, म्हणजे जनगणना विभाग, बांधकाम परवान्यांचे आकडे प्रसिद्ध करतो. त्यात पाच किंवा अधिक घरांच्या इमारतींचा रकाना वेगळा असतो. परवाना मिळाल्यापासून भाडेकरू राहायला येईपर्यंत साधारण दोन वर्षे जातात. म्हणजे आजचे परवाने तुम्हाला दोन वर्षांनंतरची स्पर्धा दाखवतात. ऑस्टिनमध्ये हेच झाले. लोक येत राहिले, तरी एकदम इतकी नवी घरे बाजारात आली, की २०२२ नंतर भाडी उतरली. वाढते शहर आणि वाढते भाडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: बांधकामाखालची घरे शहरातल्या सध्याच्या भाड्याच्या घरांच्या ५ टक्क्यांहून जास्त असतील, तर मी पहिली दोन वर्षे भाडेवाढ शून्य धरूनच हिशेब मांडतो. त्यातही हप्ता निघत असेल, तरच पुढे जातो.

३. भाडेकरूला परवडते का

घरमालक सहसा भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न मागतात. म्हणून शहराचे सरासरी उत्पन्न न बघता, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे मध्यक उत्पन्न (निम्म्यांचे त्याहून कमी, निम्म्यांचे जास्त) बघा. सेन्सस ब्युरोच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या पाहणीत ते वेगळे मिळते. ते वर्षाला ५४,००० डॉलर असेल, तर १,५०० डॉलरपर्यंतचे भाडे पेलते.

४. कर, विमा आणि कायदा

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून लोक खूश होतात. पण मालमत्ता कर जबर आहे आणि मूल्यांकन बहुतेक ठिकाणी दरवर्षी होते. एक उदाहरण घ्या. इमारतीची किंमत १ कोटी डॉलर, खर्च वजा जाता उत्पन्न ६ लाख, म्हणजे कॅप रेट (किमतीच्या तुलनेत वर्षाचे उत्पन्न) ६ टक्के. जुने मूल्यांकन ७० लाखांचे होते, ते १ कोटी झाले. कराचा दर २.२ टक्के धरला तर वर्षाला ६६,००० डॉलर जास्त. उत्पन्न ५ लाख ३४ हजारांवर येते, आणि ६ टक्क्यांच्याच हिशेबाने इमारतीचे मोल ११ लाखांनी घटते. विक्रेत्याच्या कागदांवर जुनाच कर छापलेला असतो, तो तसाच मान्य करू नका. फ्लोरिडात आणि ह्यूस्टनच्या पूरपट्ट्यात विम्याचा लेखी दर हातात आल्याशिवाय बोली लावू नका.

भाडेनियंत्रण म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि पागडीच्या इमारतींची दुरुस्ती कुणाचीच राहिली नाही. कॅलिफोर्नियात २०२० पासून बहुतेक जुन्या इमारतींची वार्षिक भाडेवाढ महागाई अधिक ५ टक्के, आणि जास्तीत जास्त १० टक्के इतकीच करता येते. तेवढ्यात हिशेब बसतो का, ते आधी बघा.

५. शेवटी स्वतः जा

दोन दिवस काढा. रात्री आठ वाजता आसपासच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधून फिरा. गाड्या किती आणि कशा आहेत ते दिसते. दिवसा भाडेकरू म्हणून पाच-सहा ठिकाणी चौकशी करा. ‘एक महिना भाडे माफ’ असे फलक लागले असतील, तर १,२०० डॉलरचे भाडे वर्षाच्या करारात प्रत्यक्षात १,१०० पडते. तुमच्या कागदावर १,१०० लिहा.