खिशातला चाकू घेताय? पातं नंतर, आधी सांधा बघा

मागच्या रविवारी भाच्याने मोबाईल माझ्या पुढ्यात धरला. "मामा हा बघ ना, 499 ला आहे, सोबत शिट्टी आहे, होकायंत्र आहे, काच फोडायचं टोक पण आहे, घेऊ का?" नको म्हटलं. त्याला यंदा पावसाळ्यात कॉलेजच्या ग्रुपबरोबर ट्रेक सुरू करायचेत, चाकूसाठी दोन-अडीच हजार बाजूला काढलेत, आणि तेवढ्यात वर्षानुवर्षं टिकणारा घडीचा चाकू नक्की येतो, फक्त बघायचं कुठे ते माहीत पाहिजे. त्याला दुकानात उभं राहून जे जे दाखवलं तेच इथे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे घडीचा चाकू जातो तो पात्यात नाही, सांध्यात जातो. पातं बोथट झालं तर धार लावता येते, गंजलं तर घासता येतं, पण ज्या पिनेवर पातं फिरतं ती सैल झाली किंवा उघडं पातं जागेवर धरून ठेवणारं लॉक झिजलं की तो चाकू हातात धरायच्या लायकीचा राहत नाही. मी हे राजगडावर शिकलो. पद्मावती माचीवर पिठल्यासाठी कांदे कापून झाले होते, मग एक दोरी कापायची होती, गाठीत चाकूचं टोक घुसवून मी जरा उलट्या बाजूने जोर दिला आणि लॉक निसटून पातं थेट तर्जनीवर मिटलं. रुमाल गुंडाळून गुंजवण्यापर्यंत उतरलो, चार टाके पडले. चाकू रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून घेतलेला, दिसायला काळा, जाडजूड, दणकट, आणि घेऊन जेमतेम सहा महिने झालेले. नंतर घरी उजेडात बघितलं तर लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला केसभरच टेकत होती. हे मी विकत घेताना बघू शकलो असतो, दहा सेकंदांचं काम होतं.

तर लॉकचे प्रकार. सगळ्यात साधा म्हणजे लॉक नसलेला, पात्याच्या पाठीमागे मजबूत स्प्रिंग असते आणि तिच्या जोरावर पातं उघडं राहतं. स्विस चाकू बहुतेक असेच असतात. फळं, ब्रेड, सुतळी, पार्सल यासाठी हा अगदी पुरेसा, बिघडायला आत काही नाहीच. फक्त टोकाने भोसकायचं किंवा पाठीवर जोर येईल असं काम त्याने करायचं नाही.

दुसरा लायनर लॉक, मुठीच्या आत पातळ पट्टी असते, पातं उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाखाली अडकते. स्वस्त चाकूंमध्ये हाच सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते. पातं उघडून वरून आत डोकावून बघा, पट्टी पात्याच्या बुडाच्या साधारण पाव ते अर्ध्या जाडीपर्यंत आलेली पाहिजे. नुसती कडेला टेकली असेल तर ती निसटणार, आणि नवीन असतानाच पार पलीकडच्या टोकाला पोचली असेल तर झिजायला पुढे जागाच नाही. फ्रेम लॉक म्हणजे हेच, फक्त पट्टीच्या जागी मुठीचाच एक जाड भाग सरकतो. बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवर दाबायची जागा असते, दोन्ही हात लागतात पण ज्याला सवय नाही त्याला मी हाच सुचवेन कारण मिटताना बोट पात्याच्या वाटेत येत नाही.

आणि मग ओपिनेलची कडी, जी मला स्वतःला सगळ्यात आवडते. 1890 पासून फ्रान्समधल्या साव्वा भागात हे चाकू बनतायत, लाकडी मूठ, एक पातं, एक पिन, आणि 1955 साली त्यात फिरवायची स्टीलची कडी आली. पातं उघडायचं, कडी फिरवायची, झालं लॉक. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. एवढ्या कमी भागांत बिघडणार काय?

आता दुकानात काय करायचं. चाकू उघडा, लॉक करा, पातं चिमटीत धरून आधी डावी-उजवीकडे आणि मग वर-खाली हलवून बघा. डावी-उजवीकडचा अगदी किंचित खेळ स्क्रू आवळून जातो, वर-खाली हलत असेल तर ठेवून द्या, तो लॉकचा दोष आहे आणि तो वाढतच जातो. मग पात्याची धार काउंटरकडे करून, बोटं पूर्ण बाजूला ठेवून, पाठीवर तळव्याने हळूहळू दाब द्या, आपटायचं नाही, नुसता दाब. लॉक सरकलं तर निर्णय झाला. मिटवल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतंय का बघा, एका बाजूला घासत असेल तर धार तिथेच बोथट होत राहणार. टोक बाहेर डोकावतंय का तेही बोट न लावता डोळ्यांनी बघा. दहा वेळा उघडझाप करा, पहिल्या वेळी आणि दहाव्या वेळी सारखंच वाटलं पाहिजे. दुकानदार वैतागला तर वैतागू दे, पैसे आपले आहेत.

सांध्यात बारीक गोळ्यांचं बेअरिंग असलेले चाकू फार सटासट उघडतात, पोरांना ते आवडतं, पण आपल्या ट्रेकला लाल माती आणि चिखल आत गेला की बेअरिंग करकरायला लागतात. फॉस्फर ब्रॉन्झचे साधे वॉशर असतील तर जास्त दिवस चालतं, पाण्याने धुतलं, पुसलं, थेंबभर तेल सोडलं की पुन्हा नीट. आणि स्क्रूने जोडलेला चाकू रिवेटवाल्यापेक्षा बरा कारण तो आवळता येतो. त्यासाठी लागणारे छोटे टॉर्क्स पाने (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचे) पुण्यातल्या बोहरी आळीत कुठल्याही टूल्सच्या दुकानात मिळतात.

पोलादाकडे येऊ. पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' किंवा 'सर्जिकल स्टील' लिहिलं असेल आणि ग्रेड कुठेच नसेल तर समजून जा की ते मऊ असणार, दोन टोमॅटोत धार उतरेल. चिनी ग्रेड वाचायला सोपे आहेत, 3सीआर13 मध्ये कार्बन साधारण 0.3 टक्के आणि क्रोमियम 13, तर 8सीआर13एमओव्ही मध्ये कार्बन 0.8 च्या आसपास. कार्बन वाढला की पातं कडक करता येतं आणि धार टिकते, क्रोमियमने गंज थांबतो. म्हणून या बजेटमध्ये 8सीआर13एमओव्ही, 440सी, 12सी27 यातलं काहीही चालेल आणि 14सी28एन मिळालं तर डोळे झाकून घ्या. नुसतं '440' लिहिलेलं असेल, पुढे सी नसेल, तर ते बहुतेक वेळा हलकं 440ए असतं.

डी2 या पोलादाची सध्या खूप हवा आहे. धार खरंच छान टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, क्रोमियम 12 टक्क्यांच्या जवळपास असलं तरी त्यातलं बरंचसं कार्बनबरोबर बांधलं जातं, गंज रोखायला उरतं कमी. जुलैत ओल्या सॅकमध्ये दोन दिवस राहिलं तर ठिपके पडतात, माझ्याच एका चाकूला पडलेत. पुण्यात वापरणार असाल आणि पुसायची सवय नसेल तर डी2 नको.

साध्या कार्बन स्टीलची पाती ज्यांना हवीत त्यांनी आजीची विळी आठवावी. कैरी चिरली की काळी पडायची, ओली राहिली की तांबूस व्हायची, पण आजी काम झालं की धुऊन पुसून कोरडी ठेवायची आणि ती विळी तिला आयुष्यभर पुरली. कार्बनच्या चाकूचं तेच आहे. काळेपणा वाईट नाही, उलट तो थोडं संरक्षणच करतो, तांबूस गंज मात्र लगेच काढायचा.

ग्रेड कितीही चांगला असला तरी पोलादाला पाणी नीट दिलेलं नसेल, म्हणजे तापवून नीट थंड केलेलं नसेल, तर काही उपयोग नाही, आणि ते डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून अनोळखी कंपनीच्या भारी ग्रेडपेक्षा नावाजलेल्या कंपनीचा साधा ग्रेड घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. स्विस चाकूवाल्या व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कागदावर फार कडक नसतं, कडकपणाच्या रॉकवेल मापावर 56 च्या आसपास, पण सगळी सारखी निघतात आणि घरच्या दगडावर पाच मिनिटांत धार परत येते.

पात्याची लांबी सात ते साडेआठ सेंटीमीटर भरपूर झाली. जाडी तीन मिलीमीटरच्या वर नको, जाड पातं कांदा कापत नाही, फोडतं. अर्धं करवतीसारखं पातं घेऊ नका, त्याला घरी धार लावणं कटकटीचं. काळा रंग दिलेलं पातं पण नको, रंग ओरखड्यांनी निघतो आणि खाली काय आहे ते घेताना कळत नाही. मुठीसाठी जी10 (काचेच्या धाग्यांचं कडक साहित्य) किंवा फायबर मिसळलेलं नायलॉन, दोन्ही भिजली तरी फुगत नाहीत आणि ओल्या हातातून सहसा सटकत नाहीत. पूर्ण स्टीलची मूठ जड आणि निसरडी.

लाकडी मूठ पावसात फुगते हे खरंय, ओपिनेल जुलैत उघडता उघडत नाही अशी तक्रार सगळे करतात. त्यावर जुनी युक्ती आहे, कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक दगडावर ठोकायचं, पातं तेवढं बाहेर येतं की चिमटीत धरता येतं. पण मुळात घेतल्या घेतल्या सांध्याकडची बाजू जवसाच्या तेलात रात्रभर बुडवायची, पुसायची आणि आठवडाभर वाळू द्यायची, मग फुगणं खूप कमी होतं. एक सांभाळा, जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा.

मग नक्की काय घ्यायचं? फक्त खाणंपिणं आणि बारीकसारीक कामं असतील तर ओपिनेल 8 नंबर, स्टेनलेस, पातं साडेआठ सेंटीमीटर. ओपनर, स्क्रूड्रायव्हर लागत असतील तर व्हिक्टोरिनॉक्सचं कमी अवजारांचं मॉडेल, दोन पाती आणि दोन ओपनर एवढंच असलेलं, कारण चाळीस अवजारांचा गठ्ठा खिशात कुणी ठेवत नाही. एका हाताने उघडणारा, क्लिप असलेला हवा असेल तर गांझो या चिनी कंपनीचा 440सी मधला. नकली लाल स्विस चाकू रस्त्यावर ढिगाने असतात, पात्याच्या बुडाशी कोरलेलं नाव वाचा, उघडताना करकरीत टक् असा आवाज येतो का ऐका, अवजारांमध्ये फटी असतील तर सोडा. ऑनलाईन घेतला तर परत करायची मुदत संपायच्या आत वरच्या सगळ्या तपासण्या घरी करा.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीकामाच्या वस्तू सोडून, म्हणजे आपला छोटा चाकू त्याच्या खूप आत आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीला पोलीस आयुक्त चाकूसारख्या वस्तू बाळगायला बंदी घालू शकतात. म्हणून गणपतीच्या गर्दीत, मोर्च्यात, मॅचला चाकू घरीच. मेट्रोने जाताना पण घरीच, आणि विमानात फक्त चेक-इन बॅगेत. बटण दाबल्यावर सटकन उघडणारे आणि रामपुरी छापाचे चाकू घेऊच नका, कामाला त्यांचा काही फायदा नाही आणि बघणाऱ्याच्या मनात नको ते येतं.

धार. सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, सुरी बिनधास्त द्या, हा चाकू नको. कोरड्या चाकावर पातळ पातं फार तापतं, कडेला निळसर झाक आली की तिथलं पोलाद मऊ पडलं म्हणून समजा. बोहरी आळीतून दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आणा, एक बाजू जाड एक बारीक, काही शे रुपयांत मिळतो, जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर कधीकधी चांगला जुना दगडही सापडतो. दगड ओला करायचा, पातं साधारण 20 अंशांत टेकवायचं आणि दगडाचा पातळ थर कापतोय असं समजून ओढायचं. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कड लागेपर्यंत, मग बाजू बदला, शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर उलट दिशेने दहा-बारा वेळा. कोन दर वेळी सारखा ठेवणं हीच सगळी कला आहे, आधी घरातल्या जुन्या सुरीवर हात बसवा. ट्रेकला दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते, खरंच चालते.

तेलासाठी मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मागा, खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं आणि चिकट होत नाही. खोबरेल नको, डिसेंबरात सांध्यातच गोठतं. गोडेतेल काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं.

चाकू आणल्यावर पहिले पंधरा दिवस घरात वापरा. रोजची काकडी, पेरू, दुधाच्या पिशव्या, सगळं त्यानेच. सांध्याचा स्क्रू सैल होत असेल तर तो याच काळात होतो, मग काढून निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट द्रव) एक थेंब लावून पुन्हा आवळा.

भाच्याने शेवटी 8 नंबर घेतला, स्टेनलेस. शिट्टी वेगळी घेतली. चाकू रात्रभर जवसाच्या तेलात ठेवून काल पुसलाय, आत्ता माझ्या गॅलरीत वर्तमानपत्रावर वाळतोय, पुढच्या शनिवारी त्याला देईन.