इंजिन धुतल्यावर आरपीएम चढला? आधी मागची नळी चाचपा

सोयाबीनच्या राशीत आमची गाडी चार दिवस मळणीयंत्राच्या शेजारी उभी होती. बॉनेट उघडलं तर इंजिनावर बोटभर भुसकट. लातूरला आणून घरीच धुतलं: ब्रश, थोडं डिझेल, पाण्याचा पाईप, आणि हौस म्हणून थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा झडपेनं कमी-जास्त करणारा भाग) क्लीनरचा फवारा. (ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं इंजिनावर पाईप सोडला म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.) गाडी चालू केली तर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १८०० वर, खाली यायलाच तयार नाही. पंधरा दिवस आणि एका नव्या सेन्सरचे पैसे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून ही तयारी.

इंजिन थंड, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. गळ्यातला गमछा काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा सांगून फिरत नाही. १० नंबरचा पाना, पक्कड, टॉर्च, जुनं फडकं. धुऊन टाकलेलं मॅट ॲक्सिलरेटरखाली अडकलंय का तेही बघा. हसू नका.

मुळात बिघाड आहे का ते ठरवा. सकाळी थंड इंजिन १२०० ते १५०० दाखवतं, ते बरोबरच आहे. इंजिन तापल्यावर, एसी बंद ठेवून पेट्रोल गाडी साधारण ७०० ते ९०० वर यायला पाहिजे. नाही आली तरच पुढचं वाचा.

आता नळी. हेड कव्हरवरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणावरच्या) पीसीव्ही व्हॉल्व्हपासून (इंजिनात साठलेले वायू परत ओढू देणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) जाणारी, अंगठ्याएवढी काळी रबरी नळी. मी ती बघितली नव्हती असं नाही, वरून बघितली होती! वरून ती जागेवरच दिसत होती. खालच्या बाजूनं मात्र निपलवरून (नळी जिच्यावर चढते त्या तोटीवरून) अर्धी सरकलेली, आणि तिची चिमट्याची क्लिप खाली पत्र्यावर भुसकटात पडलेली. तेव्हा डोळ्यांवर विश्वास नको, बोटं मागे घाला. नळी धरून हलकी ओढा, फिरवा, खालून चाचपा. डिझेलनं रबर निसरडं होतं, पाण्याच्या जोरानं नळी सरकते, म्हणून धुतल्यावरच हे घडतं.

कारण सोपं आहे. थ्रॉटलची झडप बंद असताना मॅनिफोल्ड हवा ओढत असतं. झडपेच्या पलीकडे नळी सुटली की हवा त्या चोरवाटेनं आत शिरते. माझ्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर आहे. दाब वाढलेला दिसला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोलही तेवढंच वाढवतो आणि आरपीएम चढतो. मग ईसीयू झडप कितीही आवळू दे, चोरवाट उघडीच.

कान लावलात तर सुस्स आवाज येतो, पण पंखा चालू असेल तर ऐकू येणार नाही. गाडी चालू ठेवून, पक्कडीच्या तोंडाला फडकं गुंडाळून एकेक नळी क्षणभर दाबा. जी दाबल्यावर आरपीएम पडेल तिकडेच शोधा. क्लीनर फवारून गळती शोधायचे व्हिडिओ बघितले असतील, तर तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर तो पेट घेतो हेही लक्षात ठेवा. ब्रेकचं पेडल दगडासारखं लागत असेल तर ब्रेक बूस्टरची नळी सुटली असणार, गाडी रस्त्यावर काढूच नका.

सेन्सर विकत घ्यायच्या आधी पुन्हा नळी. औसा रोडवरच्या गॅरेजातला पोरगा हात घालून दोन मिनिटांत म्हणाला, "काका, नळी सुटली की, सेन्सर कशाला बदलायलाव?"

नळी ठीक असेल तर सेन्सरच्या वायरींचे कनेक्टर. बॅटरीची मायनस काढून एकेक उघडा, वाळवा, टक् आवाज येईपर्यंत बसवा. आपलं ऊन बाहेरून वाळवतं, आतल्या पिनांत पाणी राहतं. कूलंट टेंपरेचर सेन्सरचा कनेक्टर सुटा राहिला तर ईसीयूला इंजिन गारठलेलं वाटतं आणि रेस वाढलेलीच राहते.

थ्रॉटल बॉडी साफ केली असेल तर काजळी गेल्यानं त्याच फटीतून जास्त हवा जाते, ईसीयूला नवं माप शिकावं लागतं. पद्धत गाडीगणिक वेगळी, मॅन्युअल बघा. इलेक्ट्रॉनिक झडप बोटानं ढकलू नका.

स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) असेल तर लावा. पी०५०७ हा कोड म्हणजे आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता असलेला आरपीएम) अपेक्षेपेक्षा जास्त, एवढंच. कशानं ते तो सांगत नाही. शेवटी एअर फिल्टरचा डबा, क्लॅम्प नीट बसलेत का बघा, झालं.

बॉनेट लावायच्या आधी हात परत मागे घाला. खालून. क्लिपसकट.