जमिनीतले जीव वाढवायचेत? मग पीकपद्धतीतल्या या चुका टाळा

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, भज्जीत काय काय पडतं, ते आमच्या लातूरकडच्या माणसाला सांगायला नको. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, गाजर, मेथी, कांद्याची पात, हाताला येईल ती पालेभाजी. माझ्या लहानपणी यातलं बहुतेक आमच्याच रानातून यायचं. अलीकडं एका येळवशीला रानातून आला तो फक्त हरभरा, बाकी सगळं बाजारातून पिशवीत आणलं. जमिनीखालच्या जिवांना वर्षभर काय खायला मिळतं, याचा हिशेब मला त्या दिवशी लागला.

झाड पानांत जी साखर तयार करतं, तिच्यातला काही भाग मुळांवाटे जमिनीत सोडतं. त्यावर जिवाणू आणि बुरशी जगतात, त्यांना खाऊन सूत्रकृमी आणि इतर बारीक जीव, आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यावर गांडुळं. प्रत्येक पिकाच्या मुळातून पाझरतं ते वेगळं, म्हणून त्याच्याभोवती जमणारी जिवांची जत्राही वेगळी. हरभऱ्यातून चालताना पायाला आंब लागते ना, तशीच आम्लं त्याची मुळंही सोडतात आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात अडकलेलं स्फुरद (फॉस्फरस) थोडंफार मोकळं करतात. ज्वारीचं मूळ हे काम तसं करत नाही, पण तिची कामं निराळी आहेत.

सोयाबीननंतर हरभरा, म्हणजे फेरपालट झाली असं समजणं

मराठवाड्यात सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच, आणि मीही ती बरीच वर्षं केली. पिकं दोन दिसतात, पण दोन्ही शेंगवर्गीय. दोन्हींच्या काडात कर्बाच्या (कार्बनच्या) मानानं नत्र (नायट्रोजन) बऱ्यापैकी, त्यामुळं ते लवकर कुजून संपतं. सोयाबीनची गुळी (भुसकट) तर मळणीनंतर बऱ्याचदा रानात परत जातच नाही. खरिपाच्या ज्वारीचं तसं नव्हतं. तिची झुपकेदार मुळं मातीचे बारीक कण बांधून धरायची आणि धसकटं पुढच्या पावसाळ्यापर्यंत हळूहळू कुजत राहायची. बुरशीला तेच चिवट खाणं लागतं. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, आणि तिच्याबरोबर मूग, चवळी, अंबाडीची तासंही गेली. आई तिफणीमागं चालत सरत्यानं तूर पेरायची, ते तर आता कुठं दिसतच नाही.

सगळं सोयाबीन मोडा असं मी म्हणणार नाही, पैसा त्यातच आहे. पण तीन वर्षांतून एकदा तरी त्या तुकड्यात ज्वारी, बाजरी किंवा मका येऊ द्या. रब्बीत हरभऱ्याऐवजी कधी ज्वारी, कधी करडई घ्या. सोयाबीनमध्ये तूर घ्या. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ही परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस चांगली बसते. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघून जातं, तूर मात्र पुढं डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. म्हणजे तेवढे दोन-तीन महिने जमिनीत जिवंत मूळ राहतं. तुरीच्या पट्ट्यात हरभरा घेता येत नाही, हा तोटा आहेच, तो धरूनच हिशेब करा.

तुरीवर तूर घेणाऱ्यांना तर वेगळंच भोगावं लागतं. मर रोगाची बुरशी जमिनीत काही वर्षं टिकून राहते आणि तेच पीक पुन्हा आलं की फोफावते. ज्वारीत तूर घेतली की मर कमी राहते. जुनी माणसं ज्वारी-तूर एकत्र पेरायची, त्याचं हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

गाठी बघायला झाड उपटणं

सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात. पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी शेतकरी सोयाबीनचं झाड उपटतो, मुळावर गाठी दिसत नाहीत आणि जिवाणू खत फसवं निघालं म्हणून मोकळा होतो. ओल्या भारी रानात झाड ओढलं की गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्यानं वीतभर खोल ढेकूळ काढा, बादलीतल्या पाण्यात भिजू द्या, माती आपोआप सुटेल. मग एक गाठ नखानं फोडून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसतीच नावाला.

गाठी खरंच नसतील तर तीन गोष्टी तपासा. जिवाणू खताचं पाकीट त्याच पिकाचं होतं का? सोयाबीनचं रायझोबियम (गाठी करणारा जिवाणू) वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, तूर-मूग-उडदाचं आणखी वेगळं. पाकीट कुठं ठेवलं होतं? मी एकदा पत्र्याच्या शेडमध्ये आठ दिवस ठेवलं आणि त्या सालात गाठी जेमतेम दिसल्या. तिसरं म्हणजे बुरशीनाशक. ते बियाण्याला आधी लावायचं, जिवाणू खत सगळ्यांत शेवटी, सावलीत. वरून युरियाचा मारा असेल तर झाड गाठी धरायचाच कंटाळा करतं.

धुरा, म्हणजे बांध, साफ ठेवणं

तणनाशक मारून किंवा काडी लावून धुरा चकाचक करण्याची हौस सोडा. शेतात मार्च ते जून काही उभं नसतं, जमीन भेगाळते, वरची माती तापून भाजते. त्या दिवसांत गांडुळं, मुंगळे, कोळी, मित्रबुरशी यांना आसरा मिळतो तो धुऱ्यावरच्या गवतात आणि बोरी-बाभळीच्या सावलीत. पावसाळ्यात ते तिथूनच परत रानात पसरतात. पऱ्हाटीही जाळू नका, बारीक करून ओळींत पसरा. मात्र बोंडअळीची लागण असेल तर ती आधी शेताबाहेर काढणंच बरं.

हिरवळीच्या खतासाठी दहा-वीस बियांचं मिश्रण आणून टाकणं

कोरडवाहूत हे झेपत नाही. ताग, धैंचालासुद्धा पाणी लागतं. पाऊस लांबला तर तेच मुख्य पिकाची ओल पितात. ताग घेतलाच तर फुलं लागताच गाडा, निबर झाला की कुजायला फार वेळ लावतो.

एका हंगामात निकाल मागणं

जर्मनीतल्या येना गावाजवळ २००२ पासून एक मोठा प्रयोग चालू आहे. काही वाफ्यांत एकच वनस्पती, काहींत दोन, चार, आठ, सोळा, आणि काहींत थेट साठ. वरचा चारा लवकर वाढला, पण जमिनीतल्या जिवांवरचा फरक स्पष्ट व्हायला काही वर्षं लागली. तिथलं हवामान वेगळं, कुरणं वेगळी. तरी मुळांचं खाणं साठायला वेळ लागतो, ही गोष्ट आपल्याकडंही तीच. पहिल्या वर्षी उतारा वाढला नाही म्हणून ज्वारीचा पट्टा मोडू नका.

फरक पडतोय का, हे स्वतः बघायला पैसे लागत नाहीत. पूर्ण सुती, धुतलेल्या जुन्या बनियनचे सारखे तुकडे करा. जुलैत, ओल असताना, एक सोयाबीन-हरभऱ्याच्या तुकड्यात, एक ज्वारी-तुरीच्या पट्ट्यात आणि एक धुऱ्यावरच्या गवतात, वीतभर खोल पुरा आणि खुणेला काठी रोवा. साठ दिवसांनी काढा. जमिनीत जीव जितके जास्त, तितकं कापड लवकर कुजतं. आमच्याकडं सोयाबीनमधला तुकडा धुऊन दोरीवर वाळत घालता आला. धुऱ्यावरचा हाताला लागला तो फक्त शिवणीचा नायलॉनचा दोरा. ज्वारी-तुरीच्या पट्ट्यातल्याची तिसऱ्या वर्षी चाळण झालेली होती.