जुने मराठी कागद स्कॅन करताना
जुन्या मराठी कागदांतला मजकूर शोधता यावा असे वाटत असेल, तर रिझोल्यूशन किमान ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवावे आणि शाई फिकट असल्यास काळ्या-पांढऱ्याऐवजी ग्रेस्केल (करड्या छटा टिपणारा पर्याय) निवडावे, कारण काळ्या-पांढऱ्यात अनुस्वार आणि रफार चटकन नाहीसे होतात. स्कॅनमधली अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणारा टेसरॅक्ट हा प्रोग्राम वापरताना भाषा मराठी असल्याचे स्पष्ट सांगावे लागते. एरवी तो इंग्रजी गृहीत धरतो आणि 'शेतजमीन'च्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटतात.

स्कॅनरच्या फीडरमधून (कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागातून) आलेल्या प्रत्येक पानावर एकाच जागी उभी रेघ येत असेल, तर सेटिंग बदलत बसू नये. तोच कागद सपाट काचेवर ठेवून पाहावा. रेघ गेली, तर बहुधा शेजारच्या अरुंद काचपट्टीवर एखादा कण चिकटलेला असतो. तो सहज दिसत नाही, म्हणून यंत्र बंद करून मऊ, किंचित ओलसर कापडाने पूर्ण पट्टी पुसावी.