माळ्यावरचा टर्नटेबल पुन्हा फिरता करायचा तर

माळ्यावरून काढलेला टर्नटेबल पुसून झाला की लगेच प्लग लावून बघावंसं वाटतं. तेवढं करू नका. बरीच वर्षं बंद असलेल्या यंत्रात कंडेन्सर सुकलेले असतात, वायरीवरचं आवरण तडकलेलं असतं, कधी उंदरांनीही कुरतडलेलं असतं. आधी मागचा व्होल्टेजचा खटका ११० वर नाही ना, ते बघा. मग ओळखीच्या वायरमनकडून सिरीज बोर्ड (म्हणजे करंट आधी बल्बमधून आणि मग यंत्रात जातो असा बोर्ड) आणा, त्यात ६० वॅटचा साधा, तारेचा बल्ब लावा आणि त्याच्यातून करंट द्या. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, तिथंच थांबा आणि मेकॅनिकला दाखवा. जेमतेम लालसर झाला तर पुढं जायला हरकत नाही.

यात म्हातारं होतं ते रबर आणि ग्रीस. पितळ, पोलाद, मोटरचं वेटोळं सहसा धडधाकट असतं. म्हणून ‘मोटर जळालीय, आत नवीन किट बसवून देतो’ असं कुणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. माझ्या सासऱ्यांच्या गॅरार्ड कंपनीच्या टर्नटेबलबद्दल सांगलीत एका दुकानात मलाही हेच सांगितलं होतं. मोटर चांगली होती, नुसती जाम झाली होती.

प्लग काढून ठेवा आणि रेकॉर्ड ठेवायची थाळी उचला. मधल्या दांड्याला बारीक सी-क्लिप असते, ती काढताना वर फडकं धरा, नाहीतर उडून कपाटाखाली जाते. थाळीखाली दोनपैकी एक दिसेल : बेल्ट, नाहीतर छोटं रबरी चाक. आपल्याकडच्या जुन्या गॅरार्डच्या चेंजरमध्ये (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या मशीनमध्ये) बहुधा चाकच. बेल्ट डांबरासारखा वितळून चिकटला असेल तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुली आणि थाळीची आतली कड स्वच्छ करा, हात काळेकुट्ट होतील. नवा बेल्ट घेताना जुना ताणलेला मापावर नेऊ नका. पुलीसकट पूर्ण वाटेवरून दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्यापेक्षा थोडा लहान बेल्ट मागा.

रबरी चाकाची कड बोटानं चाचपा. काचेसारखी गुळगुळीत लागली तर तेवढ्यानंच थाळी घसरते आणि गाणं रेंगाळतं. कडेवरून अगदी बारीक पॉलिश पेपर सगळीकडून सारखा फिरवा, मग अल्कोहोलनं पुसा. एका जागी खड्डा पडला असेल तर मात्र दर फेऱ्याला ‘धप्’ आवाज येत राहणार, तिथं चाक बदलण्याला पर्याय नाही. चाकाला तेलाचा थेंबही लागू देऊ नका.

आता ग्रीस. चेंजरच्या लिव्हरवर ते पिवळं, मेणासारखं घट्ट झालेलं असतं. सगळं खरवडून, पुसून काढा आणि नवं लिथियम ग्रीस लावा, पण अगदी पुसट. मोटरच्या दोन्ही टोकांच्या बुशांना (दांडा ज्यांत फिरतो त्या कड्यांना) आणि थाळीच्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचे एकदोन थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं. मग मोटरचा दांडा बोटांनी दोन्ही बाजूंना फिरवत राहा. आधी जड जाईल, हळूहळू मोकळा होईल. सासऱ्यांच्या गॅरार्डचा दांडा मोकळा झाला तो क्षण मला बोटांत अजून जाणवतो.

स्पीड तपासायला उपकरण लागत नाही. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि मोबाईलचं घड्याळ लावून फेरे मोजा. ३३च्या (नेमक्या ३३⅓च्या) स्पीडला बरोबर ३ मिनिटांत १०० फेरे व्हायला हवेत, ४५ला मिनिटाला ४५. अमेरिकेहून आणलेलं जुनं मशीन असेल आणि ३ मिनिटांत ८३च फेरे भरत असतील तर त्यात बिघाड नाही. त्याची पुली तिकडच्या ६० हर्ट्झसाठी आहे, आपली वीज ५० हर्ट्झची. पुली बदलून घ्या.

सुईच्या बाबतीत काटकसर करू नका. झिजलेली सुई तबकडीचे खोबणे कायमचे खरडते. जुन्या पिकअपमध्ये (सुई बसवलेल्या भागात) उलटता येणारी सुई असते, एक बाजू लाँगप्लेची, दुसरी ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची. ७८चे खोबणे जवळपास तिप्पट रुंद, त्यामुळे बाजू चुकली तर तबकडीचं नुकसानच. आमच्या मिरजेत हे आवर्जून सांगावं लागतं, कारण इथंच राहिलेले गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, म्हणजे घराघरांत जपलेल्या त्यांच्या मूळ तबकड्या सगळ्या ७८च्याच. सुईचा भार तोळामासा तोलणाऱ्या छोट्या काट्यावर मोजा, एखादा सराफ ओळखीचा असेल तर उत्तम. सिरॅमिक पिकअपला साधारण ३ ते ६ ग्रॅम, मॅग्नेटिकला दीड ते अडीच. मॅग्नेटिक असेल तर ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ लिहिलेली जागा हवी, नाहीतर वेगळा प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा छोटा डबा.

२०१९च्या पुरात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सांगलीत किती तरी कपाटांतल्या रेकॉर्डींवर कृष्णेचा गाळ बसला. असा सुकलेला गाळ घासू नका, बारीक वाळूचे ओरखडे जन्मभर राहतात. लेबलला पाणी लागणार नाही असं धरून रेकॉर्ड पाण्यात भिजू द्या, गाळ आपोआप सुटू द्या. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि खोबण्यांच्या दिशेनं मऊ फडकं. ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.

वाजवून झालं की खटका ‘ऑफ’वर नेऊन ठेवा, म्हणजे रबरी चाक पुलीपासून सुटं राहतं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी थाळी फिरवा, रेकॉर्ड न लावता का होईना.